पानथरी काढायची की राखायची?

१८६७ सालच्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये झ्यूल पेआँ नावाच्या सर्जनने वीस वर्षांच्या एका तरुणीचं पोट उघडलं. आत पाण्याने भरलेली मोठी गाठ होती आणि ती पानथरीची होती. पेआँचं वय तेव्हा छत्तीस. बीजकोशाच्या अवाढव्य गाठी काढण्यात त्याचा हात बसलेला होता, पण पानथरीला हात लावायला त्या काळी भलेभले कचरत. कारण उघड होतं. पोटाच्या डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीआड दडलेला हा अवयव रक्ताने ओथंबलेला असतो आणि जरा धक्का लागला तरी वाहू लागतो. रक्तगटांचा शोध लागायला अजून तेहतीस-चौतीस वर्षं होती. जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लिस्टरचे लेख त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये छापून येत होते आणि बहुतेकांनी ते वाचलेलेही नव्हते. १८२६ मध्ये जर्मनीतल्या रोस्टॉक गावी क्विटनबाउम याने एका बाईची पानथरी काढली होती, ती काही तासांत दगावली होती.

पेआँने गाठीसकट अख्खी पानथरी काढली आणि ती तरुणी वाचली. पानथरी काढण्याची यशस्वी म्हणता येईल अशी ही पहिली शस्त्रक्रिया. आजच्या दुर्बिणीच्या उपचारांचा इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण ज्या आजारासाठी पानथरी पहिल्यांदा यशस्वीपणे काढली गेली त्याच आजारात ती राखणं हे आज कसबाचं काम मानलं जातं.

पॅरिसच्या त्या यशातून वैद्यकाने धडा घेतला की पानथरीवाचून माणूस जगतो. धडा खोटा नव्हता, अर्धा होता. उरलेला अर्धा कळायला पंच्याऐंशी वर्षं आणि काही तान्ह्या बाळांचे जीव लागले.

गूढ अवयव आणि हिवतापाचा देश

पानथरी नेमकी करते काय, याचं उत्तर जुन्या जगाकडे नव्हतं असं नाही. उत्तरं भरपूर होती, पुरावा नव्हता. गॅलनने तिला गूढाने भरलेला अवयव म्हटल्याचं सांगतात. ग्रीक-रोमन वैद्यांच्या मते ती काळं पित्त शोषून घेई आणि ते साठलं की माणूस खिन्न होई. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने यकृत आणि प्लीहा, म्हणजे पानथरी, ही रंजक पित्ताची स्थानं मानली. रसाला रंग चढून त्याचं रक्त होतं ते इथे, असं तिचं म्हणणं. गर्भावस्थेत काही काळ प्लीहेत खरोखरच रक्तपेशी तयार होतात, हे पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवलं. प्लीहोदरावर डाव्या कोपराजवळची शीर उघडून रक्त काढण्याचा उपायही त्या ग्रंथात आहे.

भारतात मात्र पानथरी पंडितांपुरती कधीच नव्हती. हिवतापाने ती घरोघर पोहोचवली होती. वर्षानुवर्षं थंडीताप सोसलेल्या पोराच्या डाव्या बरगडीखाली हात घातला की कडक गोळा लागायचा. पानथरी वाढली आहे, हे सांगायला डॉक्टर लागत नसे. १८४० च्या दशकात यमुनेच्या कालव्यांमुळे रोगराई वाढते का, हे तपासायला सरकारने समिती नेमली. तिच्यातल्या डेम्प्स्टर या डॉक्टरने सोपी युक्ती काढली. गावात जायचं, लोकांची पोटं चाचपायची आणि शेकडा किती जणांची पानथरी वाढलेली आहे ते मोजायचं. पानथरीवरून गावचा हिवताप मोजण्याची ही पद्धत पुढे शंभर वर्षं जगभर वापरली गेली.

वाढलेली पानथरी फुटायलाही सोपी. त्याचा एक काळा अध्याय भारतीय इतिहासात आहे. १८७५ साली आग्र्याला फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारहाण केली. मोतद्दार मेला. शवविच्छेदनात पानथरी फुटलेली निघाली. मॅजिस्ट्रेटने फुलरला दंड केला तीस रुपये. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने या निकालावर उघड नापसंती नोंदवली तेव्हा अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रं लिटनवरच तुटून पडली. अशी प्रकरणं पुढेही होत राहिली आणि आरोपी साहेबाच्या बचावात फुगलेली पानथरी पुन्हा पुन्हा हजर होत राहिली. या काळात सर्जनच्या मनात पानथरीची एकच प्रतिमा पक्की झाली: फुटते, वाहते आणि माणूस मारते.

अशा अवयवाशी वागायचं कसं? १८९२ मध्ये ब्रेस्लाउच्या रीगनरने उंचावरून पडलेल्या चौदा वर्षांच्या मुलाची फुटलेली पानथरी काढून त्याला वाचवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोर कोखरने नियमच घालून दिला की पानथरीला इजा झाली की ती काढावी, काढल्याने काही बिघडत नाही. कोखर म्हणजे १९०९ चे नोबेल मानकरी, शस्त्रक्रियेतले त्या काळचे आचार्य. आचार्यांचं वाक्य पाठ्यपुस्तकात गेलं आणि तिथे जवळजवळ अर्धं शतक राहिलं. अपघात असो, रक्ताचा आजार असो की पाण्याची गाठ असो, उत्तर ठरलेलं होतं.

इंडियानापोलिसची पाच बाळं

इशारा मिळाला नव्हता असं नाही. १९१९ मध्ये मॉरिस आणि बुलॉक या अमेरिकी संशोधकांनी पानथरी काढलेले उंदीर जंतुसंसर्गाने लवकर मरतात हे दाखवलं आणि माणसातही असं होत असेल असं लिहून ठेवलं. पण तो उंदरांचा प्रयोग होता. तो कुणी मनावर घेतला नाही.

१९५२ मध्ये इंडियानापोलिसचे हॅरोल्ड किंग आणि हॅरिस शूमाकर यांनी पाच बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. पाचही जणांना जन्मजात रक्ताचा आजार होता. त्यात तांबड्या पेशी गोल गरगरीत होतात आणि पानथरी त्या फोडून टाकते. पानथरी काढली की रक्त टिकतं, म्हणून सहा महिन्यांच्या आतच त्यांची पानथरी काढली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाल्या, रक्त सुधारलं. पुढच्या काही आठवड्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या काळात मात्र पाचही मुलांना भयंकर जंतुसंसर्ग झाला. कुणाला मेंदूच्या आवरणाला सूज, कुणाच्या रक्तातच जंतू. दोन मुलं गेली.

पानथरीचं काम आता कळू लागलं. मोठ्या माणसात जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाच्या या अवयवातून रक्त फार संथ वाहतं. तिथल्या भक्षक पेशींना प्रत्येक तांबडी पेशी आणि प्रत्येक जंतू निरखायला सवड मिळते. न्यूमोकोकससारख्या जंतूंच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं गुळगुळीत कवच असतं. शरीरात इतर ठिकाणी ते पकडीत येत नाहीत, पानथरीत येतात. या कवचाविरुद्धची प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पेशीही तिथेच राहतात. दोन वर्षांखालच्या मुलाच्या शरीराला ही प्रतिद्रव्यं नीट बनवताच येत नाहीत, म्हणून पानथरी गेल्याचा फटका त्याला सर्वांत जास्त बसतो. असं मूल सकाळी साध्या तापाने किरकिरतं आणि रात्री बेशुद्ध होतं. हा संसर्ग झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण उपचार करूनही दगावत.

१९७३ मध्ये सिंगर यांनी पानथरी काढलेल्या सुमारे २,८०० रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. शंभरातल्या चारांना हा गंभीर संसर्ग झाला होता. चार म्हणजे थोडे, असं वाटेल. पण धोका त्या वर्षापुरता नसतो, तो जन्मभर सोबत राहतो. पाण्याच्या निरुपद्रवी गाठीसाठी दहा वर्षांच्या मुलाची अख्खी पानथरी काढणारा सर्जन त्याच्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांवर ही टांगती तलवार ठेवून मोकळा होत होता.

टोरांटोहून दिल्लीला

पानथरी राखता येते हे आधी मुलांच्या डॉक्टरांनी दाखवलं, आणि त्यात एक भारतीय नाव मानाने घ्यावं लागतं. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात वान्सब्रो यांच्या काळापासून पानथरीला मार लागलेल्या काही मुलांवर शस्त्रक्रिया न करता फक्त नजर ठेवली जात होती. कोखरच्या नियमाप्रमाणे ती मुलं जगायला नको होती, पण जगत होती. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये बालशल्यचिकित्सा उभी करणारे डॉ. पी. उपाध्याय यांनी टोरांटोच्या सिम्प्सन यांच्यासह या नोंदी तपासल्या आणि १९६८ मध्ये लेख लिहिला. मुलांच्या फाटलेल्या पानथरीतलं रक्त बहुधा आपोआप थांबतं, असा त्याचा आशय होता. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दिल्लीत सहकाऱ्यांबरोबर त्यांनी माकडांच्या पानथरीवर जखमा करून त्या भरून येतात का हे पाहिलं. त्या भरून येत होत्या.

दुसरा धागा ब्राझीलमधला. कांपुस क्रिस्तू या सर्जनने १९६२ मध्ये पानथरीचा फक्त खराब भाग काढून बाकीचा ठेवल्याची आठ रुग्णांची माहिती दिली. त्याचा आधार शरीररचनेत होता. पानथरीची मुख्य रोहिणी आत शिरण्याआधी फाटे फोडते आणि प्रत्येक फाटा आपल्यापुरत्या कप्प्याला रक्त देतो. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या वाहिन्या फार थोड्या. वाड्यात बिऱ्हाडागणिक नळजोड वेगळा असावा, तशी ही व्यवस्था आहे. एकाचा नळ बंद केला तर शेजाऱ्याचं पाणी तुटत नाही. मग वरचा किंवा खालचा फाटा बांधून तेवढाच कप्पा का काढू नये? शतकभर सर्जन ज्या अवयवाला अखंड स्पंज समजत होते, त्याला शिवणीच्या रेघा होत्या.

गाठींचं कूळ

आता गाठींकडे वळू. पानथरीतली पाण्याची गाठ, म्हणजे आपल्या रिपोर्टांवर लिहितात ती सिस्ट, मुळात दुर्मीळ. १९७८ च्या एका अमेरिकी अहवालात ४२,३२७ शवविच्छेदनांत अशा फक्त ३२ गाठी सापडल्या होत्या. १९५८ मध्ये मार्टिन यांनी त्यांची सोपी वर्गवारी केली. काही गाठींना आतून पेशींचं अस्तर असतं. या खऱ्या गाठी बहुधा जन्मजात असतात आणि शाळकरी वयात किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर लक्षात येतात. काहींना अस्तर नसतं. कधीतरी सायकलवरून पडून किंवा खेळताना पोटाला मार लागून पानथरीत रक्त साठलेलं असतं, त्याचं पुढे पाणी होतं आणि भोवती कवच धरतं. हा फरक त्या वेळी पुस्तकी वाटला असेल. दुर्बिणीच्या युगात सगळा खेळ त्याच अस्तरावर फिरला.

तिसरं कूळ जंताचं आहे. कुत्र्याच्या आतड्यातल्या एका बारीक फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित पानथरीत हायडॅटिड गाठ होते. शेळ्यामेंढ्या आणि कुत्री जिथे माणसांबरोबर राहतात तिथे हा आजार दिसतो, म्हणून भारतात पानथरीची गाठ दिसली की पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो. ही गाठ बेसावधपणे फोडली तर आतलं पाणी पोटात पसरतं, रुग्णाला जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते आणि पोटभर नव्या गाठींची पेरणी होते. रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि आधी अल्बेंडाझोलच्या गोळ्या ही खबरदारी तिथूनच आली.

१९७० नंतर सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आले आणि या दुर्मीळ गाठी अचानक वारंवार दिसू लागल्या. डाव्या कुशीत जडपणा, चार घासांत पोट भरणं, डाव्या खांद्यात विचित्र दुखणं अशा तक्रारी घेऊन काही मुलं येत. बाकीच्यांची गाठ दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोत सापडे. कधी ती बाळ आईच्या पोटात असतानाच दिसे. अशा लेकराची पानथरी काढून टाकणं आता सर्जनला बोचू लागलं होतं. १९८० मध्ये लॉस एंजेलिसचे लिओन मॉर्गनस्टर्न आणि शपिरो यांनी जंताच्या नसलेल्या गाठींसाठी फक्त गाठीचा भाग कापून उरलेली पानथरी राखल्याचं प्रसिद्ध केलं. १९८७ मध्ये तुलुकियन आणि सीशोर यांनी आणखी सुटसुटीत मार्ग सुचवला. गाठीचा बाहेर आलेला घुमट कापायचा, आतला भाग पानथरीला चिकटलेला तसाच ठेवायचा. यात रक्त कमी जाई आणि वेळ थोडा लागे. त्यांनी हा मार्ग अस्तर नसलेल्या गाठींसाठी सांगितला होता, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

पोटावर लांबलचक चीर मात्र होतीच.

दुर्बीण येते

पोटात नळी घालून डोकावण्याची कल्पना १९०१ पासूनची. केलिंगने ती कुत्र्यावर करून दाखवली, १९१० मध्ये स्वीडनच्या याकोबेयसने माणसावर. पण आत अंधार होता. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या कांड्यांची भिंगरचना केली आणि कार्ल स्टोर्झच्या कारखान्याने ती बाजारात आणली, तेव्हा पोटातलं चित्र लख्ख झालं. लहान मुलांच्या पोटात बसेल इतकी बारीक दुर्बीण वापरून गॅन्स आणि बर्सी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांचं निदान करायला सुरुवात केली.

जवळजवळ त्याच वेळी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी दुर्बीण हातात घेतली. साल १९७२. निदान न झालेली पोटाची दुखणी घेऊन येणाऱ्या गरीब रुग्णांची जे. जे.त रीघ असे आणि उदवाडियांचं म्हणणं होतं की दुर्बिणीची खरी गरज याच माणसाला आहे. मजुरी बुडवून तीन आठवडे खाटेवर पडणं श्रीमंताला परवडतं, हातावर पोट असलेल्याला परवडत नाही. १९९० च्या मे महिन्यात त्यांनी जे. जे.त दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ती पहिली अशी शस्त्रक्रिया.

जगात ती पहिली करणारे जर्मनीचे एरिक म्यूहे, १९८५ साली. स्वदेशी सर्जनांनी त्यांची टर उडवली आणि मग काही वर्षांनी सन्मान केला. त्याच १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅल्की आणि सहकाऱ्यांनी पानथरीच्या गाठीवर दुर्बिणीतूनच कायमचा इलाज केल्याचा लेख छापला. म्हणजे पानथरीची गाठ या तंत्राच्या अगदी पहिल्या पाहुण्यांपैकी एक. १९९१ मध्ये पॅरिसला दलेत्र यांनी अख्खी पानथरी दुर्बिणीतून काढली आणि १९९३ पर्यंत मुलांमध्येही तशा शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाल्या.

इथे दोन वेगळ्या वाटा एकत्र आल्या. एक वाट पानथरी राखण्याची, दुसरी चीर लहान करण्याची. दोन्ही चांगल्या. एकत्र आल्यावर मात्र दुसरीने पहिलीला काही काळ मागे ओढलं.

घुमट कापला, गाठ परतली

दुर्बिणीतून सोपं काय होतं? घुमट कापणं. पाच मिलिमीटरच्या तीन-चार भोकांतून आत शिरायचं, गाठीतलं पाणी ओढून घ्यायचं, बाहेर दिसणारं कवच कापायचं, कडा भाजायच्या आणि बाहेर यायचं. पानथरी राहिली, पोटावर टिकलीएवढे व्रण, मूल दोन दिवसांत घरी. १९९० च्या दशकात असे लेख एकामागून एक आले. बहुतेकांत दोन-चार रुग्ण आणि काही महिन्यांची देखरेख. सगळे यशस्वी.

पण मुलांमधल्या गाठी प्रामुख्याने खऱ्या, अस्तराच्या असतात. घुमट कापला तरी खोलगट भागातलं अस्तर पानथरीच्या गाभ्याला चिकटून राहतं आणि पाणी पाझरत राहतं. पानथरीच्या मऊ कडा एकमेकींकडे झुकतात, तोंड बंद होतं आणि वर्ष-दोन वर्षांत सोनोग्राफीत तीच गाठ पुन्हा दिसते. सुईने पाणी काढून आत अल्कोहोल किंवा टेट्रासायक्लीन सोडण्याचा आणखी कमी त्रासाचा उपाय होता. त्यातही गाठ परतण्याची तक्रार १९८० च्या दशकापासून होतीच.

हिशेब मांडला तो जर्मनीच्या फेलिक्स शीर आणि सहकाऱ्यांनी, २००७ मध्ये. दुर्बिणीतून घुमट कापलेल्या चौदा मुलांचा त्यांनी मागोवा घेतला. निम्म्याहून जास्त मुलांची गाठ परत आली होती. चौदा ही संख्या लहान आहे, पण हा लेख महत्त्वाचा ठरला, कारण त्यांनी आपल्याच हातच्या शस्त्रक्रियांचं अपयश लपवलं नाही. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या अनेक केंद्रांनी मिळून शंभर मुलांची माहिती एकत्र केली. लहान आणि त्रास न देणाऱ्या गाठींवर नुसती नजर ठेवता येते आणि ज्या काढाव्या लागतात त्यांत पानथरीचा तो भाग कापणं अधिक भरवशाचं, असा तिचा रोख होता.

उत्तर जुनंच होतं. कांपुस क्रिस्तू यांचे कप्पे आणि मॉर्गनस्टर्न यांची अर्धवट पानथरी. फक्त ते आता दुर्बिणीतून करायचं होतं आणि ते घुमट कापण्याच्या कितीतरी पट अवघड होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे उरान्यूस यांच्यासारख्या मोजक्या सर्जननी १९९० च्या दशकाच्या मध्यातच तशी सुरुवात केली होती. हत्यारं सुधारली तशी पुढे ही शस्त्रक्रिया मुलांच्या सर्जनपर्यंत पोहोचली.

कापायची रेघ

ही शस्त्रक्रिया जवळून पाहण्यासारखी असते. मुलाला उजव्या कुशीवर वळवतात, म्हणजे आतडी आपल्या वजनाने खाली सरकतात आणि पानथरी वर मोकळी होते. बेंबीजवळून दुर्बीण जाते आणि पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. लहान मुलात त्याचा दाब मोठ्यांपेक्षा कमीच ठेवावा लागतो. आधी जठर आणि पानथरी यांना जोडणाऱ्या आखूड वाहिन्या सुटतात. मग सर्जन पानथरीच्या मुखाशी येतो. इथे घाई चालत नाही. स्वादुपिंडाचं शेपूट इथेच टेकलेलं असतं. रोहिणीचे फाटे एकेक करून चरबीतून मोकळे करायचे आणि गाठीच्या कप्प्याला जाणारा फाटा कोणता हे नक्की करायचं.

तो फाटा बंद केला की पडद्यावर रंग पालटू लागतो. गाठीकडची बाजू काळपट जांभळी पडते, बाकीची पानथरी गुलाबी-तांबडी राहते आणि दोहोंमध्ये स्वच्छ रेघ उमटते. जिथे रक्त पोहोचत नाही तो भाग कापायचा. हुशार सर्जन बरोबर रेघेवर कापत नाही. रेघेपासून साधारण सेंटिमीटरभर आत, मेलेल्या बाजूला राहून कापतो. तिथे रक्त जवळजवळ येत नाही आणि गाठीचं अस्तर पूर्ण निघतं. वाहिन्या वितळवून बंद करणाऱ्या विद्युत चिमट्याने कापत गेलं की शतकभर ज्याची धास्ती घेतली तो अवयव फारसं रक्त न सांडता दुभागतो. निघालेला तुकडा पोटातच पिशवीत भरून बेंबीच्या चिरेतून बाहेर काढतात. हायडॅटिडची शंका असेल तर एक थेंब बाहेर पडू नये म्हणून जास्तीची काळजी घेतात.

किती पानथरी राहिली म्हणजे पुरे? चतुर्थांश ते तृतीयांश, रक्तपुरवठा शाबूत असलेली, राहिली तर ती जंतूंशी झगडू शकते असा साधारण समज आहे. गाठ पानथरीच्या मध्यावर, मुखापाशी किंवा सगळीकडे असेल तर तेवढंही राखता येत नाही आणि पानथरी काढावीच लागते. म्हणून अनुभवी सर्जन शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी मुलाला न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब यांच्या लशी देऊन ठेवतात. न्यूमोकोकसची पहिली लस १९७७ मध्ये आली. लहान बाळांनाही उपयोगी पडणारी लस २०००च्या सुमारास आली आणि भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने दाखल झाली. इंडियानापोलिसच्या बाळांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं.

आज गाठ लहान असेल, पाच सेंटिमीटरच्या आत असेल आणि मुलाला त्रास नसेल तर बहुतेक सर्जन ठराविक अंतराने सोनोग्राफी करून वाट पाहतात. मोठी, वाढणारी किंवा दुखणारी गाठ काढतात. ती काढताना पाणी उपसणं, घुमट कापणं आणि भाग काढणं हे तीनही पर्याय दुर्बिणीतून होतात, पोटावरचे व्रणही तिन्हींत जवळपास सारखेच दिसतात. फरक आत असतो आणि तो काही वर्षांनी कळतो.

दीडशे वर्षांच्या या वाटचालीत दुर्बिणीचं श्रेय मोठं आहे, पण तिने पानथरी वाचवली असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. पानथरी वाचवली ती आपल्या रुग्णांना काही वर्षांनी पुन्हा शोधून विचारपूस करणाऱ्यांनी. किंग आणि शूमाकर यांनी तेच केलं, उपाध्यायांनी तेच केलं, शीर यांनीही तेच केलं. दुर्बिणीने त्यांच्या निष्कर्षाला लहान चिरेतून जायची सोय केली, आणि जिथे ती सोयच उद्दिष्ट झाली तिथे गाठी परत आल्या.

तेव्हा ज्यांच्या मुलाच्या रिपोर्टावर पानथरीची सिस्ट असं लिहून आलं आहे, त्यांनी आधी घाबरू नये, कारण ती क्वचितच घाईचं प्रकरण असते. हायडॅटिड नाही ना, हे तपासून घ्यावं. मग किती भोकं पाडणार हे विचारण्याऐवजी गाठीचं अस्तर पूर्ण निघणार का आणि पानथरी किती उरणार, हे विचारावं. लशी आधी घ्याव्यात आणि शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षं तरी सोनोग्राफी चुकवू नये. पानथरी पूर्ण काढावी लागली असेल तर मुलाला कधीही ताप आला की घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि पानथरी काढली आहे, हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं.